येणं कुणाचं, देणं कुणाचं

*ताई, मी मूळची बार्शीची. शिक्षण मराठी माध्यमात, बी.कॉम. झाले आहे. वडील मार्केट यार्डात एका आडत दुकानावर दिवाणजी आहेत. वर्षापूर्वी पुण्यात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात लागले. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला थकबाकीसाठी मेल करताना मी 'वी ओ यू 18,400 रुपीज' असं लिहिलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, छान, कधी पाठवताय? साहेबांनी तो मेल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला आणि विचारलं, 'मराठी मीडियम का?' ते पैसे अजून आलेले नाहीत आणि त्या गिऱ्हाइकाला पुन्हा लिहायला माझा हात धजत नाही. मी रोज वीस शब्द पाठ करते, आठवड्यात विसरते. पैसे, नोकरी आणि शिक्षणाचे रोजचे इंग्रजी शब्द पक्के कसे करू? एखादं पुस्तक सांगाल का? आणखी एक. कामावर घेताना पगार 25,300 सांगितला होता, हातात 21,500 येतात. एप्रिलमध्ये पगारवाढीचं बोलायचं आहे, पण तिथंही शब्दच अडतात. बाहेरून एम.कॉम. करते आहे.*
*तुमची एक वाचक*

प्रिय बार्शीकर,

तुमचं पत्र वाचलं आणि तो मेल तुमच्या डोक्यात कसा तयार झाला असेल, तेच आधी शोधत बसले. सापडलं. तुमच्या मनात वाक्य होतं, 'आमचे तुमच्याकडून 18,400 रुपये येणं आहे.' ते 'आमचे'पासून सुरू होतं, म्हणून इंग्रजीतही तुम्ही 'वी'नं सुरुवात केलीत आणि पुढे बाकीसाठी पाठ केलेला शब्द ठेवलात, 'ओ'. शब्द ठाऊक होता, अर्थही साधारण ठाऊक होता. पण 'ओ'च्या आधी ज्याचं नाव येतं, त्याच्या डोक्यावर देणं असतं. मराठीत याला अगदी चोख जोड आहे, 'देणं लागणं'. तुम्ही लिहिलंत ते असं झालं, 'आम्ही तुमचे 18,400 रुपये देणं लागतो.' गिऱ्हाइकानं तेच वाचलं.

चूक खरी आहे आणि किरकोळ नाही, कारण ती लेखी आहे आणि पैशाची आहे. साहेबांनी ती दाखवायला हवीच होती. पण चौघांत वाचून दाखवायला नको होती, आणि माध्यमाचा तर तिथं काही संबंधच नव्हता. देणं कुणाकडे आणि येणं कुणाकडे हे उलट होणं ही हिशोबातली जुनी चूक आहे, ती कुठल्याही भाषेत होते. मी बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं काढली. जमा आणि नावे, म्हणजे क्रेडिट आणि डेबिट, यांची उलटापालट उत्तम इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातूनही झालेली पाहिली आहे, आणि ती संध्याकाळी सात-सात वाजेपर्यंत शोधलीही आहे. तेव्हा मराठी शाळेचं ओझं तुम्ही उतरवून ठेवा. माझीही शाळा मराठीच.

आता कामाचं. तुमचे वीस शब्द टिकत नाहीत याचं कारण मला तुमच्या पत्रातच दिसतं. तुम्ही शब्दासमोर शब्द लिहून पाठ करता. 'बॉरो' म्हणजे उसने, 'लेंड' म्हणजे उसने. दोन्हींसमोर एकच मराठी शब्द, मग डोक्यात दोघांची सरमिसळ होणारच. आपल्या भाषेत उसने हा शब्द एकच राहतो आणि दिशा सांगायचं काम 'घेणं' आणि 'देणं' करतात. उसने घेतले, उसने दिले. भाड्यानं घेतलं, भाड्यानं दिलं. इंग्रजीत पुष्कळदा ही दिशा शब्दाच्या पोटातच असते, घेणाऱ्याचा शब्द वेगळा आणि देणाऱ्याचा वेगळा. बॉरो घेणाऱ्याचं, लेंड देणाऱ्याचं. 'कॅन आय बॉरो युवर पेन?' आणि 'कॅन यू लेंड मी युवर पेन?' पेन दोन्हीकडे तेच, हात बदलले. आणि जिथं शब्दाच्या पोटात दिशा नसते, तिथं शेजारचा बारका शब्द ती सांगतो. घर 'रेंट' करणं दोघांनाही चालतं, घरमालक ते 'टु' भाडेकरू आणि भाडेकरू ते 'फ्रॉम' घरमालक. म्हणून पैशाचा कुठलाही इंग्रजी शब्द वहीत उतरवताना त्याच्यापुढे पहिला प्रश्न लिहा, पैसे कुठून कुठे चालले?

हा प्रश्न किती ठिकाणी कामाला येतो बघा. तुमच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, खातं 'क्रेडिटेड' झालं म्हणजे पैसे आले, 'डेबिटेड' झालं म्हणजे गेले. कॉमर्सवाल्यांचा इथं हमखास गोंधळ होतो. कॉलेजात शिकलेलं असतं की आलेला पैसा डेबिट करायचा, मग बँक उलटं का म्हणते? कारण तो हिशोब बँकेच्या वहीतला आहे. तुम्ही भरलेले पैसे बँकेनं तुम्हाला कधी ना कधी परत द्यायचे आहेत, ते बँकेच्या डोक्यावरचं देणं आहे, म्हणून बँक तुमच्या नावावर क्रेडिट लिहिते. वही कुणाची, हे कळलं की गोंधळ संपतो. यूपीआयचंही तसंच. शिल्लक बघणं सोडलं तर पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. समोरचा फोनवर 'रिसीव्ह'च्या कितीही गोष्टी सांगू दे, स्क्रीनवर 'पे' लिहिलेलं असेल तर ते तुमचेच पैसे जाणार आहेत. काउंटरवर मी म्हाताऱ्या माणसांना हेच एक परत परत सांगत असे.

आपल्या काही क्रियापदांवर तर एकेक पान वेगळं ठेवा. 'भरणं' घ्या. आपण फॉर्म भरतो, फी भरतो, दंड भरतो, बँकेत पैसे भरतो आणि घरी पाणीही भरतो. इंग्रजीत फॉर्म 'फिल' होतो, फी आणि दंड 'पे' होतात, बँकेतले पैसे 'डिपॉझिट' होतात. 'आय फिल्ड द फीज' असं म्हणणारी हुशार मुलं मी कर्जाच्या टेबलावर खूप पाहिली. त्यांच्या मनात 'भरली' होतं, दुसरं काही नाही. 'काढणं' त्याहून पसरट. खात्यातून पैसे काढले तर 'विथड्रॉ', कर्ज काढलं तर 'टेक अ लोन', खातं काढलं तर 'ओपन' (आपण काढतो, ते उघडतात), आणि कुणाला कामावरून काढलं तर 'डिसमिस' किंवा सरळ 'फायर'. 'बुडवणं' मला फार आवडतं. कर्ज बुडवलं तर 'डिफॉल्ट', तास बुडवला तर 'बंक' आणि आपलेच पैसे बुडाले तर नुसतं 'लॉस्ट'. 'लागणं'चं पान तुम्ही स्वतः करा. नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात, आणि देणंही लागतं.

'पे' या शब्दासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. पर्समधली शंभराची नोट काढा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं वचन छापलेलं असतं, 'आय प्रॉमिस टु पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज.' नीट बघा. 'पे' आणि 'बेअरर' यांच्या मध्ये 'टु' नाही. ज्याला द्यायचे तो माणूस 'पे'ला थेट चिकटतो, त्याच्यामागून रक्कम येते. 'आय पेड टु हिम' असं लिहिताना हात अडखळला की ही नोट आठवायची, 'आय पेड हिम 100 रुपीज'. ज्या वस्तूचे पैसे दिले तिच्याआधी मात्र 'फॉर' हवा. चहाचे पैसे दिले तर 'आय पेड फॉर द टी'. माणूस, रक्कम आणि वस्तू, तिघांच्या जागा ठरलेल्या आहेत. आणि नोट हातात आहेच तर उलटी करून पंधरा भाषांची पट्टीही वाचा. मराठी आठवी, बरोबर मधली. एकाच कागदावर 'वन हंड्रेड रुपीज' आणि 'शंभर रुपये' दोन्ही आहेत.

'पगार' शब्दाची गंमतही याच वाटेवरची. तो आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पैसे देणं असा होतो. देणाऱ्याचं क्रियापद आपण उचललं आणि त्याचं घेणाऱ्याचं नाम केलं.

पगारावर आलोच आहोत तर तुमचे 25,300 आणि 21,500 यांच्यातली दरी बघू. वडील आडत दुकानावर दिवाणजी आहेत म्हणजे तुम्ही लहानपणापासून पट्टी पाहिली असणार. शेतकऱ्याचा माल विकला की दिवाणजी पट्टी करतात. वर मालाची एकूण रक्कम, खाली वजा हमाली, वजा तोलाई, वजा आधी नेलेली उचल आणि शेवटी निव्वळ देणं. तुमची सॅलरी स्लिप ही तुमच्या कष्टाची पट्टी आहे. एकूण म्हणजे 'ग्रॉस', वजा म्हणजे 'डिडक्शन', निव्वळ म्हणजे 'नेट' आणि उचल म्हणजे 'ॲडव्हान्स'. चार शब्द झाले आणि एकही नवा नाही, वडिलांच्या पट्टीवर ते सगळे होतेच.

तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला स्लिपवरचे आकडे लिहिलेत हे फार बरं केलंत. बेसिक 15,000, घरभाडं भत्ता 6,000, इतर भत्ते 2,500, ग्रॉस 23,500. घेताना सांगितलेले 25,300 म्हणजे सीटीसी, 'कॉस्ट टु कंपनी', कंपनीला तुमच्यापायी पडणारा खर्च. त्यात भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा धरलेला आहे, बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 1,800. ते पैसे तुमच्यासाठीच भरले जातात, 1,250 पेन्शनच्या खात्याकडे आणि 550 निधीकडे, पण ते हातात येत नाहीत. ग्रॉसमधून तुमचा स्वतःचा 12 टक्के वाटा कापला, तो दुसरा 1,800. राहिले 21,700. हातात येतात 21,500.

मधले 200 कुठे गेले? तुमच्या स्लिपवर 'पीटी 200' अशी ओळ आहे. पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, आपला व्यवसाय कर. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे. तुमचा ग्रॉस 23,500 आहे. बहुधा पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमची नोंद चुकीच्या गटात झाली असावी. महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500 रुपये होतात. एम.कॉम.च्या फीला ते उपयोगी पडतील. कुणावर आरोप न करता, साधेपणानं एक मेल लिहा, 'कुड यू प्लीज चेक द प्रोफेशनल टॅक्स डिडक्शन इन माय सॅलरी स्लिप? माय ग्रॉस सॅलरी इज बिलो 25,000.' पुढचं वाक्य, 'इफ इट वॉज डिडक्टेड बाय मिस्टेक, प्लीज रिफंड द अमाउंट.' 'रिफंड' म्हणजे चुकून किंवा जादा घेतलेले परत करणं. कंपनीच्या कामासाठी तुम्ही पदरचे खर्च केलेले परत मिळतात ते 'रीइम्बर्स'. दोन्हींत पैसे तुमच्याकडेच येतात, पण पहिल्यात ते आधी कंपनीनं कापलेले असतात आणि दुसऱ्यात तुम्ही बाहेर दिलेले.

मोबदल्याच्या बाबतीत एक गोष्ट मनावर घ्या. मराठी मुलींना वाटतं आपली भाषा तोकडी आहे. मार्केट यार्डात कान द्या. हमालाची हमाली, मापाड्याची तोलाई, शिंप्याची शिलाई, गवयाची बिदागी, गुरुजींची दक्षिणा, व्याख्यात्याचं मानधन, शिकाऊ डॉक्टरचं विद्यावेतन. प्रत्येक कामाच्या मोबदल्याला आपण वेगळं नाव दिलं आहे. इंग्रजीत यातली निम्मी 'चार्जेस' आणि 'फी' यांत जाऊन बसतात. उरलेली लक्षात ठेवायला सोपी आहेत. महिन्याचा ठरलेला 'सॅलरी', रोजाचा किंवा तासाचा 'वेजेस', मानधन 'ऑनरेरियम', विद्यावेतन 'स्टायपेंड', भत्ता 'अलाउन्स'. भाड्याचं मात्र उलट आहे. आपलं भाडं एकच, तिकडे घराचं 'रेंट', एसटीचं 'फेअर'.

उच्चाराबद्दल दोनच शब्द सांगते, कारण अकाउंट्समध्ये ते दिवसातून दहादा तोंडात येतात. पावतीला 'रिसीट' म्हणायचं, त्यात पी लिहायचा पण बोलायचा नाही. कर्जाचा 'डेट', त्यातला बी तसाच मुका. हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले तेव्हा ती अक्षरं नव्हती. मागाहून पंडितांनी लॅटिन मुळाची खूण म्हणून ती घातली, बोलणाऱ्यांनी ती कधी मनावर घेतली नाही. आकड्यांचा उच्चार मात्र खरोखर जपा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर सारखेच ऐकू येतात. 'वन फाइव्ह' की 'फाइव्ह झिरो' असं विचारून घेण्यात कमीपणा नाही, मी शेवटच्या दिवसापर्यंत विचारत असे. आकडा लिहून घेताना आपली आणखी एक अडचण असते. आपण बासष्ट म्हणतो, त्यात दोन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. 'सिक्स्टी टू'मध्ये साठ आधी. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'साठ दोन' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. बासष्ट मला हवंच आहे, पण इंग्रजी आकडा ऐकताना पेन डावीकडून चालवायचा. परदेशी गिऱ्हाइकाचा कागद आला तर स्वल्पविरामही बघा. आपण 1,50,000 लिहितो, ते 150,000 लिहितात. त्यांचं एक मिलियन म्हणजे आपले दहा लाख.

कामाच्या शब्दांत फार अवघड काही नाही. 'वर्क' मोजता येत नाही, म्हणून 'आय हॅव अ वर्क' होत नाही, 'सम वर्क' होतं. मोजायचं असेल तर 'टास्क'. 'मी सर्व्हिस करते' हे मराठीत चालतं, इंग्रजीत 'आय वर्क इन अ कंपनी'. स्वतःहून नोकरी सोडली तर 'रिझाइन', वयानं सुटली तर 'रिटायर', कंपनीनं संपवली तर 'टर्मिनेट'. इथंही तोच प्रश्न, कुणी कुणाला सोडलं. 'प्रीपोन', 'डू द नीडफुल' या शब्दांना काही लोक नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. पुण्यातल्या ऑफिसात ते सगळ्यांना कळतात आणि तुम्हाला पुण्यातच काम करायचं आहे. परदेशी मेल असेल तर 'प्रीपोन'ऐवजी 'कॅन वी मीट अर्लिअर' लिहा, भागलं.

शिक्षणाच्या शब्दांपाशी मात्र मी थोडी थांबेन, कारण तिथं दिशा अगदी पालटते. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि सर घेतात. त्यांच्याकडे विद्यार्थी 'टेक्स ॲन एक्झाम' आणि सर 'गिव्ह'! आपण म्हणतो विद्यार्थ्यानं उत्तरं दिली म्हणजे परीक्षा दिली. ते म्हणतात सरांनी पेपर दिला म्हणजे परीक्षा दिली. दोघांचंही बरोबर आहे, फक्त एक वर्गातल्या बाकावरून बघतो आणि दुसरा टेबलामागून. भारतात 'आय गेव्ह माय एक्झाम' सर्रास बोललं जातं आणि कळतं, पण लेखी अर्जात 'आय टुक' किंवा 'आय अपिअर्ड फॉर' लिहा. 'शिकणं' आणि 'शिकवणं' यांत आपण एक 'व' घालून दिशा फिरवतो. इंग्रजीत त्यासाठी शब्दच बदलावा लागतो, 'लर्न' आणि 'टीच'. शिवाय अभ्यास करणं म्हणजे 'स्टडी' आणि येऊ लागणं म्हणजे 'लर्न'. तुम्ही रोज वीस शब्द 'स्टडी' करत होतात, ते 'लर्न' झाले नाहीत, तुमच्या पत्रातली तक्रार नेमकी हीच आहे.

'पास आउट' हा शब्द बायोडेटातून काढा. आपल्याकडे खडकवासल्याच्या प्रबोधिनीतल्या पासिंग आउट परेडमुळे तो मानाचा वाटतो, पण बाहेरच्या माणसाला 'आय पास्ड आउट इन 2021' वाचून तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडलात असं वाटेल. 'आय ग्रॅज्युएटेड इन 2021' लिहा. एटीकेटी हा आपल्या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा लाडका शब्द, 'अलाउड टु कीप टर्म्स', पण तो सगळीकडे ओळखला जातोच असं नाही, तिथं 'बॅकलॉग' म्हणावं. आणि तुमच्या एम.कॉम.बद्दल कुणी विचारलं तर खाली मान घालून 'एक्स्टर्नल' पुटपुटू नका. सरळ म्हणा, 'आय ॲम डूइंग माय एम.कॉम. थ्रू डिस्टन्स लर्निंग, अलाँग विथ माय जॉब.' हे वाक्य अभिमानानं म्हणण्यासारखं आहे. नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करणं काय असतं ते मला माहीत आहे.

तुम्ही पुस्तक विचारलंत. मी वही सांगते. बँकेत लागले तेव्हा मीही शब्दांच्या याद्या केल्या होत्या, काही हाती लागलं नाही. मग आमच्या शाखेतल्या एका जुन्या हेडकॅशिअर बाईंनी सुचवलं तसं केलं. शंभर पानी वही घेतली आणि पुढून रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद), मागून खतावणी (त्याच नोंदींची वेगवेगळ्या खात्यांत मांडणी) सुरू केली. कीर्दीत रोज फक्त तीन वाक्यं, त्या दिवशी माझ्या टेबलावर खरोखर घडलेली. अमक्यानं चेक भरला, तमक्याचा चेक परत गेला, मी सुट्टे मागितले. प्रत्येक वाक्यात कोण, कुणाला, किती हे यायलाच हवं. शब्द अडला तर जागा मोकळी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारून भरायची. रविवारी कीर्दीतले शब्द मागच्या खतावणीत न्यायचे. डाव्या पानावर पैसा माझ्याकडे येतो ते शब्द, उजव्या पानावर माझ्याकडून जातो ते. 'अर्न', 'रिसीव्ह', 'बॉरो' डावीकडे. 'पे', 'लेंड', 'रीपे' उजवीकडे. 'रेंट'सारखा दोन्ही पानांवर जाणारा शब्द आला की तो शेजारच्या बारक्या शब्दासकट लिहायचा. पहिल्या महिन्यात माझ्या खतावणीत चाळीसच शब्द होते, पण त्यातला एकही मी आजवर विसरलेले नाही. तुम्ही दिवाणजींची मुलगी. कीर्द-खतावणी तुम्हाला मी काय शिकवणार. हवं तर वडिलांनाच फोनवर विचारा, पहिलं पान कसं आखायचं ते.

एप्रिलच्या बोलण्याची तयारी याच वहीत होईल. मार्च संपेपर्यंत तुम्ही केलेली कामं एकेका ओळीत लिहा, आकड्यांसकट. किती इन्व्हॉइस काढली, किती वसुली आणली. वसुलीला 'रिकव्हरी' म्हणा. साहेबांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य, 'आय वुड लाइक टु डिस्कस माय सॅलरी.' 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' लावू नका, तो शब्द एकटाच पुरतो. मग कामाच्या तीन ओळी. मग आकडा, आणि तो मागताना सीटीसी म्हणताय की ग्रॉस, हे आधी ठरवून जा, नाहीतर वाढलेला पगार पुन्हा हातात येईपर्यंत आटेल. इंग्रजीत जीभ अडली तर तेवढं वाक्य मराठीत बोला. साहेब पुण्यात राहतात, त्यांना कळेल.

पण त्याआधी आज तो अडलेला मेल पाठवा. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, चार वाक्यं आहेत. 'प्लीज इग्नोर माय अर्लिअर मेल. देअर वॉज ॲन एरर इन इट. ॲज पर अवर रेकॉर्ड्स, 18,400 रुपीज आर ड्यू फ्रॉम यू. काइंडली अरेंज द पेमेंट.' या खेपेला 'रेकॉर्ड्स'नंतर 'वी' येत नाही, रक्कम येते, आणि दिशा सांगायला 'फ्रॉम' आहे. खाली इन्व्हॉइसचा क्रमांक आणि तारीख घाला. माफीची लांबण लावू नका, 'एरर' म्हटलंत तेवढी पुरे.

ते पैसे जमा झाले की कीर्दीत 'रिसीव्हड फ्रॉम'नं सुरू होणारी एक ओळ लिहा, आणि तीच ओळ मलाही पाठवा. मी वाट बघते आहे.

तुमची,
ताई